तीन आखर, तीन वॉर्ड

चिंधूजी सार्वे यांना एखादी हद्द कुठून कुठे जाते असं विचारलं, तर ते बोटाने दाखवत नाहीत. चप्पल पायात सरकवतात, "चला" म्हणतात आणि ती हद्द चालून दाखवतात. मी चिचझरीच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले आणि महिन्याभरात मतदारयादीचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा त्यांची ही सवय मला चांगलीच महागात पडली. मला एवढंच विचारायचं होतं, की यादीतली अमुक सात घरं तलावाच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे की पलीकडे. उत्तर मिळायला अडीच तास लागले आणि नव्या सँडलचा पट्टा तुटला.

मी रीता निंबार्ते. माहेर साकोलीचं, नवरा वरठीच्या कारखान्यात, त्यामुळे बिऱ्हाड वरठीला आणि रोज स्कूटीने शाळेत येणं-जाणं. मला नियम आवडतात. यादीत घर क्रमांक चाळीसनंतर एक्केचाळीस आला नाही, की माझं डोकं दुखायला लागतं. चिंधूजींचं आणि माझं इतकं कसं जमलं, याचं माझ्या नवऱ्याला अजून आश्चर्य वाटतं.

चिंधूजी आमच्या गावचे निवृत्त कोतवाल. तलाठ्याच्या हाताखाली राहून नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या, आणि कोणाचं शेत कुठे संपतं ते तोंडपाठ ठेवायचं. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. उंचीने बेताचे, अंगात दोन खिशांचा खाकी शर्ट, जो निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. आवाज मात्र सगळ्या गावाला पुरून उरेल असा. शाळेबाहेर ते कोणाशी साधं बोलले तरी माझी पोरं पाढे विसरायची. मी एकदोनदा तणतणत बाहेर गेले. त्यांनी लगेच हात जोडले आणि त्याच आवाजात "चुकलं जी मॅडम" म्हणाले, म्हणजे उरलासुरला वर्गही बुडाला.

त्यांच्याकडे सन नसतात, निशाण्या असतात. ग्रामपंचायतीच्या ज्या निवडणुकीत जी निशाणी गाजली, ते त्या वर्षाचं नाव. थोरली मुलगी अंजू झाली ती कपबशीच्या वर्षी. तलाव फुटता फुटता राहिला तो छत्रीच्या वर्षी. केशरबाई, म्हणजे त्यांची बायको, गेली ती पंख्याच्या वर्षी, आणि पंख्याच्या वर्षाबद्दल ते आणखी काही बोलत नाहीत. मला आधी ही सगळी गंमत वाटली. मग एक दिवस ग्रामपंचायतीतल्या सरपंचांच्या फळ्यावरचे सन आणि त्यांच्या निशाण्या मी समोरासमोर लिहून ताडून पाहिल्या. एकही चूक निघाली नाही. उलट फळ्यावरच एका सरपंचाचं नाव खाली-वर झालं होतं.

गावच्या निवडणुकांचा सगळा इतिहास त्यांच्यापाशी आहे. एका वर्षी कोणी उभंच राहीना, म्हणून तिघांना घरून उठवून आणून अर्ज भरायला लावले होते. एका वर्षी दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढावी लागली. हरलेल्याने जिंकलेल्याच्या घरीच जेवण केलं, कारण त्याच्या स्वतःच्या घरी चूल पेटली नव्हती. छत्रीच्या वर्षी सांडव्यावरून पाणी वाहत होतं. चिंधूजींनी मतपेटी डोक्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेऊन ठेवली. मग मागे पाहिलं, तर केंद्राध्यक्ष अलीकडेच उभे. पुन्हा परत आले आणि साहेबांना पाठंगुळीला घेऊन गेले. हे सांगताना ते हसत नाहीत. त्यांच्या मते साहेब पेटीपेक्षा हलके होते, एवढीच त्यातली सांगण्यासारखी गोष्ट.

स्वतःचं मत मात्र ते नेहमी सगळ्यांत शेवटी टाकायचे. म्हाताऱ्यांना आणायचं, बाळंतिणीच्या घरी जाऊन आठवण द्यायची, रुसलेल्याला समजावायचं, आणि केंद्र बंद व्हायला पाच मिनिटं उरली की हात धुऊन आत जायचं. निवृत्त झाले तरी ही रीत मोडली नाही.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात ते मधल्या सुट्टीत शाळेत आले. ग्रामपंचायतीच्या वॉर्डांची नवी प्रारूप रचना नुकतीच फळ्यावर लागली होती आणि ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने आठवड्यात अर्ज द्यावा, अशी दवंडी झाली होती. दवंडी आता नवा कोतवाल देतो, तीही मोबाइलवर संदेश पाठवून. चिंधूजी दारात उभे राहिले. नेहमीसारखा आवाज नव्हता, म्हणून मी मान वर केली.

"मॅडम, एक अर्ज लिवून पायजे," ते म्हणाले. "वीस वर्सांपासून एक बाई माह्यापायी पायपीट करून राहिली."

मी त्यांना बाकावर बसवलं. पोरांसाठी केलेला बाक, त्यावर त्यांचे गुडघे छातीशी आले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

चिचझरीचे तीन वॉर्ड. उत्तरेचा एक, मधल्या सडकेचा दोन आणि तलावाच्या पारीपलीकडचा पारटोला हा तीन. माझी शाळा पारटोल्यातच आहे, चिंधूजींचं घरही तिथलंच, आणि तीन नंबरचं मतदान शाळेतच होतं. एक नंबरचं होतं ग्रामपंचायतीच्या सभागृहात. दोन हजार दोन साली हे वॉर्ड नव्याने पाडायचे होते. ग्रामसेवक व्हरांड्यात कागद पसरून बसला होता. त्याला नियम माहीत होता, उत्तरेपासून सुरुवात करायची आणि घरं क्रमाने घेत दक्षिणेला संपवायचं. घरं कोणाची आणि कुठे, ते मात्र त्याला माहीत नव्हतं. ते कोतवालाला माहीत. त्याने सांगितलं, चिंधू, तू बोल, मी लिहितो.

चिंधूजींनी डोळे मिटले आणि गाव डोळ्यांपुढे आणलं. रोज सकाळी दवंडीसाठी ते पारीवर उभे राहायचे, तिथून त्यांना गाव दिसायचं ते आखरांतून. आखर म्हणजे गावकडेची मोकळी जागा, जिथे सकाळी घराघरांतली ढोरं गोळा होतात आणि गुराखी ती रानात नेतो. चिचझरीत तीन आखर होते, तीन दिशांना. कोणतं घर कोणत्या आखरावर ढोरं सोडतं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. चिंधूजींनी पहिल्या आखराची घरं सांगितली, ती वॉर्ड एकमध्ये गेली. दुसऱ्याची दोनमध्ये, तिसऱ्याची तीनमध्ये. वॉर्डही तीन आणि आखरही तीन, त्यामुळे सगळं बिनचूक बसलं. फक्त एक घर सोडून.

ते घर गोदावरीबाई बांते यांचं. घर उत्तरेला, सभागृहापासून हाकेच्या अंतरावर. पण तिची ढोरं मात्र तेव्हा पारटोल्याच्या आखरावर यायची. चिंधूजी तिसऱ्या आखराची घरं म्हणत गेले आणि सोमाजी, शकुनबाई या पारटोल्याच्या नावांच्या ओघात गोदावरीबाईचंही नाव घेतलं. ग्रामसेवकाने लिहिलं. पुढची यादी त्या यादीवरून झाली, तिच्या पुढची तिच्यावरून. गोदावरीबाई दर निवडणुकीला घराशेजारचं केंद्र सोडून पारीवरून दीड किलोमीटर चालत शाळेत मतदानाला येऊ लागली.

चिंधूजींना स्वतःची चूक कळली ती थेट दोन हजार बाराला. त्या वर्षी शकुनबाई तीन नंबरमधून एका मताने निवडून आली. समोर उभी असलेली, त्याच वॉर्डातल्या भुपेंद्रची बायको पडली. भुपेंद्रने सगळ्यांदेखत सांगितलं, की गोदावरीबाईचं घर या वॉर्डात बसतच नाही, ते एक मत इथलं नाही. यादी अंतिम झाली होती, त्यामुळे बोलणं तिथेच राहिलं. पण मंडपाची दोरी सोडत उभ्या असलेल्या चिंधूजींच्या हातातली दोरी हातातच राहिली.

"तवा मले समजलं," ते म्हणाले. "आन समजून बी मी चूप रायलो. नवकरी होती न."

नंतर सतराला पुन्हा निवडणूक आली. तोवर गोदावरीबाईचे गुडघे गेले होते. पारीवर ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा चिंधूजींनी शाळेच्या पायरीवरून ते पाहिलं. तिच्या दारापासून सभागृह चाळीस पावलं आहे. ती त्यांनी मोजून ठेवली होती.

मी त्यांच्यावर रागावले. दहा वर्षं माहीत असून माणूस गप्प कसा बसू शकतो, असं काहीबाही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी अर्ज लिहिला, आणि खरं सांगायचं तर आनंदाने लिहिला. ते घर क्रमांक एक्केचाळीस मला कधीचं खुपत होतं. वॉर्ड एकच्या यादीत चाळीसनंतर एकदम बेचाळीस यायचा आणि एक्केचाळीस माझ्या तीन नंबरच्या यादीत शेवटाला लटकलेला असायचा. मला ती टायपिंगची चूक वाटत होती. आता ती दुरुस्त होणार, एका म्हातारीचे पाय वाचणार आणि चिंधूजींना शांत झोप लागणार. खाली त्यांनी सही केली, तारीख घातली आणि कागद दोन्ही हातांनी धरून वाळवला, जरी शाई बॉलपेनची होती.

गोदावरीबाईला मात्र आम्ही दोघांनीही विचारलं नाही. त्यांनी लाजेने विचारलं नाही. मी तर बाई असून मलाही सुचलं नाही, की घर तिचं, मत तिचं, तर एक शब्द तिला विचारावा. हे मला अजून टोचतं.

सुनावणी मोहाडीला तहसील कार्यालयात होती. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर स्कूटी लावायला जागा नव्हती. चिंधूजी इस्त्री केलेला खाकी शर्ट घालून नऊच्या बसने येऊन बसले होते. त्यांच्यापासून दोन माणसं सोडून बाकावर गोदावरीबाई. हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. घर तिचं म्हणून तिलाही नोटीस गेली होती. एवढं साधं, पण आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. मी नमस्कार केला. ती हसली आणि सरकून जागा करून दिली.

सुनावणी घेणारे साहेब वयाने तरुण होते, पण ऐकून घेणारे. संगणकावर त्यांनी गावाचा आकाशातून काढलेला नकाशा उघडला. तलाव, पार, सडक, घरांचे पत्रे. चिंधूजींनी उभं राहून सांगितलं, की चूक त्यांची, ग्रामसेवकाची नाही, कोणाचीच नाही, आणि ती ढोरांवरून झाली. साहेबांना ढोरांचं कळलं नाही, मग त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. साहेब हसले, पण वाईट हसले नाहीत. गावातून आलेल्या जुन्या यादीत ही गोष्ट राहून गेली, आता दिसली, बरं झालं, असं म्हणाले. मग गोदावरीबाईकडे वळून त्यांनी तिला सांगितलं, की आजी, आता तुम्हाला लांब जायची गरज नाही, मतदान तुमच्या घराशेजारीच होईल.

"मले लांब नाई पडत सायेब," गोदावरीबाई म्हणाली.

साहेबांनी नकाशावर बोट ठेवून अंतर दाखवलं. तिने नकाशाकडे पाहिलंही नाही.

"माह्या घरचा मानूस गेला," ती म्हणाली, "तवा चुलत दिराइले माहं आंगन पायजे होतं. मी नाई म्हनलं. त त्याइनं गुराख्याले सांगतलं, हिचे ढोरं आखरावर घ्याचे नाई. दोन बैल आन एक गाय, तीन दिवस दाराशी बांधून होते. चवथ्या दिवसी मी पारीवरून तिकडे नेले. वाटलं, तिथून बी हाकलतीन. केशरबाई उभी होती. तिनं गुराख्याले म्हनलं, घे हिचे. बस. काहून आली, कोनं धाडलं, कोनीच इचारलं नाई."

चिंधूजी खाली फरशीकडे पाहत होते. केशरबाईचं नाव घेतल्यावर त्यांनी मान वर केली.

"मंग मतदान आलं," ती पुढे म्हणाली, "त माहं नाव बी तिकडेच निंघालं. मले वाटलं, त्या बायाइनंच सांगून लिवून घेतलं. दर खेपेस मी जाते, त्याइच्या लाइनीत उभी रायते. इकडच्या लाइनीत माह्या मांगं-पुढं कोन रायते, ते तुमाले मालूम नाई. मले इकडे नोका आनू."

मी माझ्या वहीत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग केलं. वीस वर्षं ही बाई समजत होती, की कोणीतरी तिला आठवणीने आपल्यात लिहून घेतलं, आणि आम्ही शासकीय कागदावर, माझ्या वळणदार अक्षरात, ती चूक होती असं लिहून आणलं होतं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

चिंधूजी पुढे आले. "सायेब, माहा अर्ज वापस द्या," ते म्हणाले. सगळ्या गावाला ऐकू जाणारा तो आवाज टेबलापलीकडे जेमतेम पोचला.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि नीट समजावलं. अर्ज परत घेता येईल, पण आता घर दिसलं आहे. वॉर्ड सलग असावा लागतो, एका घरासाठी रेघ तलाव ओलांडून अलीकडे आणता येत नाही. उद्या दुसरा कोणी बोट दाखवेल. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि म्हणूनच मला त्यांच्याकडे पाहवेना. गोदावरीबाईने मान हलवली, दाखवलं तिथे सही केली आणि पिशवी उचलली.

बाहेर बाजार भरला होता. बस यायला वेळ होता, म्हणून मी तिघांसाठी आलूबोंडे घेतले. गोदावरीबाईने तिचा खाल्ला. चिंधूजींनी हातात धरून ठेवला, तेल कागदातून बोटांना लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"वैनी," शेवटी ते म्हणाले, "तुमाले इचाराले पायजे होतं."

"हो," ती म्हणाली. "पायजे होतं."

एवढंच. असू द्या, होतं असं, तुम्ही चांगल्यासाठीच केलं, यातलं ती काही बोलली नाही. मला ती त्या क्षणी फार आवडली.

पंधरा दिवसांनी आदेश आला. घर क्रमांक एक्केचाळीस वॉर्ड एकमध्ये. माझी यादी पहिल्यांदा सरळ झाली. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. ती पाहून मला काडीचाही आनंद झाला नाही.

त्यानंतर चिंधूजी शाळेकडे यायचे बंद झाले. पोरं पाढे न अडखळता म्हणायला लागली. धान लावून झालं, नंतर शेतांतल्या बांध्यांतलं पाणी उतरलं, तरी ते पारीवर दिसेनात. एक दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात खाटेवर बसून ते सुंभ वळत होते. घरात त्या सुंभाचं काही काम असेल असं वाटत नव्हतं, ढीगच्या ढीग पडला होता. अंजू सासरहून आलेली होती, तिने चहा आणला आणि डोळ्यांनीच मला सांगितलं, की बघा कसं चाललंय ते.

"बिन समजता केलं, ते चांगलं झालं," ते म्हणाले. "समजून केलं त असं झालं."

मी म्हटलं, अर्ज माझ्या हातचा आहे, निम्मी चूक माझी. त्यावर ते म्हणाले, की तुम्ही तर नुसतं लिहिलं. मला हे लागलं. मी म्हटलं, मी गावची मतदारयादी सांभाळते, लिहिणं म्हणजे माझं कामच आहे, ते नुसतं कसं? ते पहिल्यांदाच थोडं हसले. पण गोदावरीबाईकडे जा, बोला, असं मी म्हटल्यावर त्यांनी सुंभ पुन्हा हातात घेतलं. तिच्या दारी कोणत्या तोंडाने जाऊ, असं ते म्हणाले नाहीत, पण तेच म्हणत होते.

दिवाळी झाल्यावर निवडणूक लागली. कोण उभं होतं, काय निशाण्या होत्या, ते सांगत बसत नाही, त्या वर्षाला चिंधूजी अजून कोणतंही नाव देत नाहीत. मतदानाच्या दिवशी मी सकाळी सातपासून शाळेच्या आवारात टेबल टाकून बसले होते. येणाऱ्याचं नाव यादीत शोधायचं, क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, एवढं माझं काम. बायकांची एक रांग, पुरुषांची एक. बंदोबस्ताला बाहेरगावचा एक होमगार्ड, प्रविण नावाचा, कामाला अगदी कडक. चिंधूजी आठ वाजता आले आणि शेवटी मत टाकायचं म्हणून नेहमीच्या पायरीवर बसले. या वेळी मात्र कोणाला आणायला गेले नाहीत. पारीकडे पाठ करून बसले.

साडेदहाच्या सुमारास पारीवर छत्री दिसली. काळी, एक काडी मोडलेली. माझा आधी विश्वासच बसला नाही. छत्री एकदा थांबली, पुन्हा निघाली आणि पार उतरून शाळेच्या फाटकातून आत आली.

गोदावरीबाई माझ्या टेबलापाशी थांबली नाही. सरळ बायकांच्या रांगेकडे गेली. मला तिच्या डाव्या हाताचं बोट दिसलं. त्यावर शाई होती, काळीभोर, अजून नीट वाळलेलीही नसावी. म्हणजे चाळीस पावलांवर मत टाकून ती तिथून निघाली होती. शकुनबाईने मागे वळून पाहिलं, अर्धं पाऊल पुढे सरकली आणि तिच्या मागच्या बाईने अर्धं पाऊल मागे घेतलं. मध्ये एका माणसाची जागा झाली. गोदावरीबाई छत्री मिटून त्या जागेत उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही. शकुनबाई तिच्याशी कोणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाविषयी बोलायला लागली.

रांग पुढे सरकत होती. दारापासून पाच-सहा जणी उरल्या, तेव्हा प्रविणचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. तो जवळ आला.

"आजी, मत झालं न तुमचं? मंग इथे काहून उभ्या? इथल्या यादीत हाय का नाव?"

गोदावरीबाईने छत्री दुसऱ्या हातात घेतली. प्रविणने माझ्याकडे पाहिलं, कारण यादी माझ्यापुढे होती. नियम मला पाठ होता. मत झालेल्या माणसाने केंद्रात थांबायचं नाही. मी उठायला लागले, काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

माझ्या आधी चिंधूजी उठले. सुनावणीनंतर सात महिन्यांनी ते तिच्यासमोर उभे राहत होते. पायरी उतरून ते दोन रांगांच्या मध्ये आले आणि दवंडीच्या आवाजात बोलले. वर्गखोलीतून केंद्राध्यक्षांनी मान बाहेर काढली.

"गोदावरीबाई गोमाजी बांते. पारटोला. आमच्याच हायेत त्या. उभ्या राहू द्या."

प्रविण गोंधळला. "मॅडम?" त्याने मला विचारलं.

चिंधूजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते गोदावरीबाईकडे पाहत होते, आणि तीही त्यांच्याकडे. मी माझ्यापुढची यादी मिटली, तिच्यावर तळहात ठेवला.

"हो," मी म्हटलं. "इथल्याच आहेत."